काकी जावयापुढं बोलली नाही

नळदुर्गच्या स्टँडबाहेर उतरले तेव्हा आमच्या गावची जीप रस्त्याच्या कडेला उभी दिसली, आणि तिचं तोंड उमरग्याकडे होतं. सोलापूरकडे असायला हवं होतं. त्या सकाळी मी धाराशिवला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, पाण्यात गोळी विरायला किती वेळ लागतो ते बघत उभी होते. तेव्हा भावाचा फोन आला की काकीला रक्ताची उलटी झालीय, उमरग्याच्या डॉक्टरांनी सोलापूरला न्यायला सांगितलंय, तू नळदुर्गला उतर, आम्ही तुला तिथं घेतो. एसटीत तुळजापूर ओलांडेपर्यंत मी खिडकीला डोकं टेकवून सोलापुरात तिला कुठं ठेवतील, तिच्यापाशी कोण थांबेल, मला किती दिवस कॉलेज बुडवता येईल, एवढाच विचार करत होते. जीपचं तोंड बघितलं आणि कुणी काही सांगायच्या आधीच मला कळलं... आत आईच्या मांडीवर काकीचं डोकं होतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, जीपकडे पाठ करून रस्त्यापलीकडे बघत उभे होते. काकीच्या डोक्यावरचा पदर घसरला होता आणि ते तिचे थोरले दीर. थोरल्या दिरानं भावजयीच्या उघड्या डोक्याकडे बघायचं नसतं. ती गेल्यावरही त्यांनी बघितलं नाही.

या पुरवणीत येणारे असे लेख मी वाचत आले आहे. त्यांत गेलेल्या माणसाबद्दल माया असते आणि शेवटाकडे लिहिणाऱ्याचं मन शांत झालेलं असतं. माझ्या या लेखात ते होईल असं मला वाटत नाही, म्हणून आधीच सांगते. काकीला जाऊन काही महिने झाले, पण माझा राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा असंही मला वाटत नाही. ज्या माणसावर तो आहे त्याचं नाव मी लिहिणार नाही. गावाला ते माहीत आहे, आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

काकीचं माहेर कर्नाटकातलं, आळंदच्या बाजूचं. तिथं ती गंगव्वा होती, आमच्याकडे लग्न होऊन आली आणि गंगाबाई झाली. मराठी चांगलं बोलायची, पण ताटात कुणी जास्त वाढायला लागलं की पुरे म्हणायच्या ऐवजी 'साकु' म्हणायची, आणि मला जेवायला हाक मारताना 'बा गं राणी, बा' अशी मारायची. काका हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवतात, महिन्यातले थोडेच दिवस घरी असतात. त्यांना मूल झालं नाही. मी जन्मले तेव्हा आई आजारी होती म्हणून मला काकीजवळ दिलं, ती बरी झाल्यावरही मी परत गेले नाही, इतकीच गोष्ट. आण्णांशी ती उभ्या आयुष्यात एक वाक्य थेट बोलली नाही. ते घरात असले की तिचं बोलणं माझ्यातून जायचं. 'राणी, आण्णांना म्हणावं चहा निवतोय.' आण्णा हातभर अंतरावर बसलेले असायचे. मी म्हणायचे, आण्णा, चहा निवतोय. ते म्हणायचे, तिला म्हणावं घेतो. मी हॉस्टेलला गेल्यावर एकदा फोनवर तिला विचारलं की आता तुझे निरोप कोण पोचवतं, तर म्हणाली, "म्हशीला सांगते. ती हंबरती, मंग त्येंन्ला कळतंय."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मी फार्मसीला आहे हे काकीनं गावभर 'आमची राणी औषधाच्या शाळंत हाय' असं करून सांगितलं होतं. सुट्टीत घरी आले की ती भाकरी थापताना मला शिकवलेलं सगळं सांगायला लावायची आणि मध्येच असा प्रश्न विचारायची की मला पुस्तक आठवावं लागायचं. एकदा तिनं विचारलं, नवीन औषध निघालं तर ते पहिल्यांदा खाऊन कोण बघतं. मी सांगितलं, आधी उंदरांवर बघतात, मग थोड्या धडधाकट माणसांवर, मग आजारी माणसांवर, आणि दर टप्प्यावर त्रास होतो का ते विचारत राहतात. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "म्हंजी कुणीतरी आधी चाखायलाच पायजे. मंग चाखणाऱ्याला विचारत्यात व्हय, कसं लागलं?" मी म्हटलं, विचारावंच लागतं, तोच तर नियम आहे. "बरंय मंग," ती म्हणाली, "आमाला कुनी इचारत न्हाय. मीठ कमी पडलं तरच बोलत्यात."

दोन वर्षांपासून तिचे गुडघे गेले होते. चालताना त्रास व्हायचा तो ती सोसायची, पण तिला उकिडवं बसता येईना याचं तिला फार दुःख होतं, कारण आमची म्हैस तिच्याशिवाय कुणाला धार काढू देत नाही. आई बसली की लाथ, मी बसले की शेपटीचा फटका. काकी कमरेतून वाकून, एक हात म्हशीच्या पाठीवर टेकवून धार काढायची आणि उठताना तोंडातून आवाज काढायची नाही. उमरग्याच्या डॉक्टरांनी तिला नेहमीच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांनी थोडे दिवस बरं वाटायचं. मग यंदा श्रावणात गावात नवीन गोळी आली. ती आणली जावईबापूंनी.

हे जावईबापू भूमकडचे. शिकलेले, बोलायला गोड, उमरग्यातल्या एका दवाखान्यात नव्या औषधांच्या चाचणीचं काम बघणारे. आमच्या वरच्या आळीतली सुरेखाताई त्यांना दिलेली, आणि आमच्याकडे एका घराचा जावई म्हणजे अख्ख्या गावाचा जावई. ते आले की घरातली चांगली खुर्ची बाहेर येते, बायका डोक्यावरून पदर घेतात, चहात साखर जास्त पडते. जावयापुढे कुणी रडगाणं गात नाही. त्याला गोड बोलून, गोड खाऊ घालून परत पाठवायचं असतं, म्हणजे आपली पोर तिकडे सुखात राहते. हे कुणी कुणाला शिकवत नाही, पण पाळतात सगळे. म्हणून त्यांनी गुडघ्यांच्या नव्या गोळीच्या चाचणीसाठी बायका पाहिजेत असं सांगितल्यावर गावानं जावयाचा शब्द खाली पडू दिला नाही. आजूबाजूच्या कुठल्याही गावापेक्षा आमच्या गावातून जास्त बायका मिळाल्या याचं त्यांना कौतुक वाटायचं. ते म्हणायचे, सासुरवाडीनं माझी मान ताठ ठेवली.

चाचणीला माझा विरोध नाही. आजही नाही. मी ज्या गोळ्यांचा अभ्यास करते त्यांतली प्रत्येक गोळी कुणाच्या तरी पोटात आधी जाऊन आलेली आहे, हे मला पहिल्या वर्षापासून शिकवलं आहे. मला राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा. त्या गोळीनं पोटात जखम होऊन रक्त जाऊ शकतं, तसं झालं तर शौचाला काळं, डांबरासारखं होतं, हे दवाखान्याला आधीपासून माहीत होतं. ते प्रत्येक बाईला सुरुवातीलाच सांगायचं होतं आणि दर भेटीला मुद्दाम विचारायचं होतं. एकेकीला, दार लावून, स्पष्ट शब्दांत. हे काम करणाऱ्यांना तसं शिकवलेलं असतं. जावईबापूंनाही शिकवलेलं होतं.

त्यांनी काय केलं ते मला नंतर आईनं आणि शेजारच्या बायकांनी सांगितलं. समाजमंदिराच्या ओट्यावर सतरंजी अंथरून सगळ्या बायकांना एकत्र बसवलं. समोर खुर्चीत जावईबापू, बाजूच्या खुर्चीत त्यांचे सासरे, मागे भिंतीला टेकून गावातली माणसं, त्यांत आण्णा. माहिती वाचून दाखवताना ते एका ठिकाणी थांबले, पान उलटलं आणि हसून म्हणाले, बाकी सगळं नेहमीचंच आहे. पुढे दर भेटीला तेच. सगळ्या बायकांकडे एकदम बघून ते विचारायचे, "काय मावश्यांनो, काही त्रास? न्हाय ना?" आणि सगळ्या बायका पदर दाताखाली धरून मान हलवायच्या. शेजारची नागरबाई म्हणाली, "जावई बापडा एवढ्या उन्हाचा येतोय, त्येला काय सांगायचं बाई, पोटात मुरडा मारतोय म्हणून?"

गोळीनं काकीला गुण आला, हेही मला लिहिलं पाहिजे. महिनाभरानं ती उकिडवं बसली. भावाच्या मोबाईलवरून तिनं मला मुद्दाम व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि म्हशीखाली बसून, हात वर करून दाखवला. डोळे दिपावेत इतकं ऊन मागून येत होतं, मला तिचं तोंड दिसलंच नाही, फक्त हसण्याचा आवाज आला. त्या दिवशी मी मेसमध्ये सगळ्यांना सांगितलं की माझी काकी बरी झाली. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, कुठली गोळी, आणि मी अभिमानानं म्हणाले, अजून बाजारात आलेली नाही.

मग नवरात्र आलं. काकी तुळजाभवानीचे नऊ दिवस उपास करायची, ते ती माहेराहून घेऊन आली होती. गोळी मात्र चुकवत नव्हती, कारण जावयाला शब्द दिला होता. रिकाम्या पोटी घ्यायची नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. उपासातल्याच एका दिवशी जावईबापू आमच्या घरी आले. आण्णांनी त्यांना आग्रहानं बसवून घेतलं, काकीनं भगर आणि शेंगदाण्याची आमटी केली. त्यांनी दोनदा मागून घेतली आणि म्हणाले, काकी, तुमच्या हाताला चव आहे, तुमच्या उपासाचं पुण्य मलाच लागणार. मग पाटावरूनच, हात धुता धुता, त्यांनी त्यांचं काम केलं. आण्णा शेजारी बसलेले होते. "काकी, गोळीचा काही त्रास न्हाय ना?" काकी दारामागे उभी होती. आई सांगते, काकीनं आधी तिच्या तोंडाकडे बघितलं. मग आईला हळूच म्हणाली, त्यांना म्हणावं बरं हाय. आईनं तसं सांगितलं. जावईबापूंनी मान डोलावली, आण्णांनी त्यांच्या पुढ्यात सुपारी ठेवली.

त्या वेळी तिला काळं व्हायला लागून बरेच दिवस झाले होते. तिनं ते फक्त आईला, गोठ्यात, सांगितलं होतं. आई म्हणाली, अगं ते काय, पोरांच्या वेळी अंगणवाडीतनं रक्तवाढीच्या गोळ्या द्यायचे तेव्हा मलाही तसंच व्हायचं, गोळी ताकदीची असली की होतं. हे खरंच आहे, लोहाच्या गोळ्यांनी तसं होतं. आमच्याकडच्या प्रत्येक बाईला ते ठाऊक आहे. म्हणून काळं झालं तर बायका घाबरत नाहीत, उलट औषध लागू पडतंय असं धरून चालतात. एक वाक्य पुरलं असतं. ही गोळी लोहाची नाही, काळं झालं तर घेऊ नका आणि मला सांगा. एवढंच... दिवाळीत मी घरी गेले तेव्हा ती थकल्यासारखी दिसली, पण माझ्यापुढे तिनं करंज्या तळल्या, आणि मी विचारलं तर म्हणाली, नवरात्रात अंग उतरलंय, भरंल. दिवाळीनंतर काहीच दिवसांत नळदुर्गच्या रस्त्यावर ती जीप गावाकडे तोंड करून उभी राहिली.

दहाव्याच्या नंतर जावईबापू भेटायला आले. पांढरा शर्ट घातला होता. चपला उंबऱ्याबाहेर नीट जुळवून ठेवल्या. आण्णांच्या शेजारी बसले, त्यांचा हात हातात घेतला, आणि म्हणाले की काकी उपास फार करायच्या, शिवाय मिश्री लावायच्या, त्यानं पोट आतून खराब होतं, दवाखान्याला मी तसं कळवलंय. गोळीचा काही संबंध नाही. काकींनी तर मला प्रत्येक वेळी बरं आहे असंच सांगितलं होतं. आण्णांनी मान हलवली आणि त्यांना हात जोडले. माझ्या वडिलांनी त्या माणसाला हात जोडले हे मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. ज्यानं तिच्या उपासाची भगर दोनदा मागून खाल्ली तो त्याच घरात बसून म्हणत होता की ती उपासानं मेली. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की माणसाला कुणाचं तरी वाईट व्हावं असं इतक्या स्पष्टपणे वाटू शकतं. मी लहानपणापासून भित्री आहे, वर्गात प्रश्न विचारायचा तरी माझा हात अर्ध्यातून खाली येतो. पण त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाला मी असाच जाऊ देणार नाही. त्याच ओट्यावर, त्याच खुर्चीत, त्याच्याच सासऱ्यासमोर त्याची मान खाली गेलेली मला बघायची होती.

कॉलेजात आमच्या एक मॅडम आहेत, त्यांना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, चाचणीतला माणूस गेला की त्याची चौकशी एका समितीला करावीच लागते, आणि ती समिती दवाखान्याचं म्हणणं ऐकते तसं घरच्यांचंही ऐकू शकते. तू कळव. पण त्या असंही म्हणाल्या की बायकांनी त्यांच्यासमोर स्वतः सांगितलं नाही तर 'त्रास नव्हता' असंच राहील, काकीचं मरण उपासाच्या नावावर जाईल, आणि हीच गोळी याच पद्धतीनं पुढच्या गावांत जाईल. हे ऐकून मी घरी फोन केला आणि आण्णांना म्हटलं, तुम्ही तिथं होता, तुम्ही सांगाल का की तुमच्यासमोर बसवून विचारलं? आण्णा म्हणाले, "जावई हाय तो गावचा. आन् तसली गोष्ट मी माझ्या भावजयीबद्दल चारचौघांत बोलू?" मी फोन ठेवला. मला त्यांचाही राग आला होता, पण त्यांचा राग मी सांभाळून ठेवू शकत नाही, ते माझे वडील आहेत.

समिती आली. एक वयस्कर डॉक्टर आणि एक डॉक्टर मॅडम, गाडीतून. मी आदल्या दिवशीच गावी गेले होते. आणि जे मला व्हायला नको होतं तेच सगळं परत झालं. समाजमंदिराचा ओटा, सतरंजी, समोर खुर्च्या. जावईबापूंनी स्वतः पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, पाहुण्यांना सासऱ्यांची ओळख करून दिली, बायकांना मायेनं म्हणाले, बोला बरं का मावश्यांनो, घाबरू नका, जे असेल ते सांगा. बायकांनी पदर दाताखाली धरले. डॉक्टर मॅडमनी विचारलं, कुणाला काही त्रास झाला होता का? कुणीच बोललं नाही. त्यांनी परत विचारलं. नागरबाईनं माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं. वयस्कर डॉक्टरांनी घड्याळाकडे नजर टाकली. मला दिसत होतं की हे आता संपणार आहे, या बायका आज गप्प बसल्या की काकी कायमची उपासानं मेलेली राहणार आहे. जावईबापू मागे हात बांधून उभे होते, आणि त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, यांना आधीपासून माहीत होतं की कुणी बोलणार नाही.

मी उठले. मी म्हटलं, "जावईबापू, आज सकाळी तुमची शी कसल्या रंगाची होती?"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मी परत म्हटलं, "काळी होती का? डांबरासारखी? सांगा की, जे असंल ते सांगा. घाबरू नका." एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ए पोरी, लाज हाय का काही. जावईबापूंच्या सासऱ्यांनी तोंड फिरवलं. आण्णा उठून उभे राहिले आणि मला वाटलं ते मला ओढत घरी नेतील, पण ते तसेच उभे राहिले. जावईबापूंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते डॉक्टर मॅडमना म्हणाले, ही काय विचारायची रीत झाली का? मॅडम त्यांच्याकडे बघत शांतपणे म्हणाल्या की हाच प्रश्न तुम्ही दर भेटीला विचारायचा होता, तुम्ही तो कसा विचारत होतात ते मला दाखवा.

ते आवाज खाली आणून, सासऱ्यांकडे न बघता म्हणाले, "मॅडम, मी या गावचा जावई हाय. समोर सासू-सासरे बसलेले असत्यात. असलं कसं बोलणार मी?"

मॅडम म्हणाल्या, "मग या कशा बोलणार होत्या?"

त्या खुर्चीतून उठल्या, समाजमंदिरातल्या आतल्या खोलीत गेल्या, खिडकी लावून घेतली आणि एकेकीला बोलवायला सांगितलं. जावईबापूंना त्यांनी ओट्याच्या पलीकडे, लिंबाखाली, आवाज पोचणार नाही इतक्या लांब बसायला लावलं. दुपारभर ते तिथं बसून होते आणि दुपारभर मी त्यांच्याकडे बघत होते. सावली सरकली तरी ते उठले नाहीत, कारण उठून कुठं जायचं हा प्रश्नच होता, सगळं गाव समोर होतं. एकेक बाई दार लोटून आत जायची आणि दार बंद व्हायचं, आणि प्रत्येक वेळी दार बंद झालं की ते वर बघायचे. मला त्याचा आनंद झाला. मी तो लपवत नाही. तसा आनंद चांगला नसतो हे मला माहीत आहे, पण मला तो झाला.

नागरबाई बाहेर आली ती रडतच. तिलाही काळं झालं होतं, पोटात आग व्हायची, आणि तिनं कुणाला न सांगता गोळ्या उकिरड्यात पुरायला सुरुवात केली होती. जावई आला की घेतल्या म्हणून सांगायची. ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "गंगाबाईला म्या सांगायला पायजे हुतं गं, फेक म्हणून. पर ती इमानदार, तिनं फेकल्या नसत्या." हे खरं होतं. तिनं फेकल्या नसत्या... शेवटी मॅडमनी काकीचं नाव घेतलं आणि विचारलं, त्यांच्या घरचं कुणी? काका परत ट्रकवर गेले होते, म्हणून आई उठली. तिच्या मागून आण्णा उठले. आत काय झालं ते मला आईनं सांगितलं. आई सगळं बोलली, गोठ्यातलं, काळ्या रंगाचं, रक्तवाढीच्या गोळ्यांचं. आण्णांना मॅडमनी एवढंच विचारलं की त्यांना विचारलं तेव्हा तुम्ही जवळ होता का. आण्णा जमिनीकडे बघत म्हणाले, व्हय, दर वेळी, मीच जवळ होतो.

आता ती चाचणी आमच्या भागात बंद आहे. आमच्या गावातल्या बायकांना सोलापूरला तपासायला नेलं, नागरबाईच्या पोटातली जखम वेळेत सापडली. समितीच्या अहवालात काकीचं मरण औषधाशी जोडून लिहिलं गेलं, उपास आणि मिश्री हे शब्द त्यातून गेले. जावईबापूंचं काम गेलं. ते सासुरवाडीला आलेले नाहीत, आणि आले तरी खुर्ची बाहेर येईल की नाही याबद्दल गावाला अजून नीट ठरवता आलेलं नाही. सुरेखाताई मात्र एकदा आली, मुद्दाम आमच्याच घरी. ती माझ्याहून मोठी, शाळेत असताना माझ्या वेण्या घालून द्यायची. दारातच उभी राहिली, पाणी घेतलं नाही, आणि म्हणाली, तो मुद्दाम मारायला गेला होता का गं कुणाला, लाजंपायी झालं त्याच्याकडून. मी म्हटलं, माझ्या काकीकडूनही लाजेपायीच झालं. तिनं विचारलं, "आता तरी तुझं मन भरलं का?" मी म्हटलं, "न्हाय." ती गेली. तिच्यासाठी मला वाईट वाटतं. जावईबापूंसाठी वाटतं का हे मी प्रामाणिकपणे स्वतःला विचारून बघितलं आहे, आणि वाटत नाही. त्यांना लाज वाटली हे मी समजू शकते. लाज तर सगळ्यांनाच वाटत होती. पण त्या लाजेवर उपाय काय असतो हे फक्त त्यांना एकट्यालाच शिकवलेलं होतं, आणि दार लावायला काहीच लागत नव्हतं.

आण्णा माझ्याशी नेहमीसारखंच बोलतात. मी चारचौघांत जे विचारलं त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, चांगला नाही की वाईट नाही. या सुट्टीत घरी आल्यावर मला एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडे थोरले दीर स्वयंपाकघराशी येताना बाहेरूनच खाकरतात, म्हणजे आत भावजय असेल तर तिला पदर सावरून बाजूला व्हायला वेळ मिळतो. काकी लग्न होऊन आल्यापासून आण्णा असे खाकरत आले असणार, मला तो घरातला आवाज म्हणून कधी वेगळा ऐकू आला नव्हता. आता आत आई असते नाहीतर मी. आम्हा दोघींसाठी कुणी खाकरायची गरज नाही. तरी आण्णा उंबऱ्याबाहेर थांबतात, खाकरतात, आणि थोडा वेळ तसेच उभे राहतात, आत कुणीतरी उठून दारामागे जाईल इतका वेळ... मग आत येतात. आईचा भाकरी थापणारा हात तेवढा वेळ थांबलेला असतो.

मला तेव्हा रडू येत नाही. मला वाटतं, जावईबापूंना जेवायला बोलवावं. मानानं बोलवावं, पाटावर बसवावं, ताट वाढावं, आणि पहिला घास त्यांच्या हातात असताना बाहेरून आण्णांनी खाकरावं, काकीसाठी खाकरायचे तसं.